सतरा दिवसांचा हुतात्मा

"उत्तम, येत्या गुरुवारच्या आत माझ्या नवऱ्याचा दगड तरी भिंतीतनं निघंल, न्हायतर मी तरी घरातनं निघंन!"

सोनाक्का हे बोलली तेव्हा माझी पिठाची गिरणी चालू होती, म्हणून ती ओरडून बोलत होती. तिचं वाक्य अर्ध्यावर असताना मी बटण बंद केलं. गिरणी थांबली, सोनाक्का थांबली नाही. 'घरातनं निघंन' हे शब्द डबे घेऊन बसलेल्या पाच बायकांनी आणि बाहेर बिडी ओढणाऱ्या दोघांनी नीट ऐकले. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळायची सोय झाली.

"आक्का, जाणार कुठं?" मी भुवयांवरचं पीठ झाडत विचारलं.

"म्हायेरी."

"माहेरी कोण हाय आता?"

"कोन का असंना. घराला दार तर हाय."

दगडाची हकिकत सांगायला हवी, नाहीतर सोनाक्का वेडी वाटेल. ती वेडी नव्हती. वेडे आम्ही होतो, म्हणजे पिंपळसारची आमची वरची तालीम.

गावात तालमी दोन, वरची आणि खालची. पासष्टच्या लढाईत खालच्या तालमीचा एक पैलवान धारातीर्थी पडला आणि त्यांनी त्याच्या नावाचा दगड बसवला. तेव्हापासून त्यांची पोरं येता-जाता आमच्या पोरांना विचारायची, "तुमच्यातलं कोण गेलं का रं कधी लढाईला?" आमचे लोक दंडाच्या बेटकुळ्या दाखवायचे आणि गप्प बसायचे. मग एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. रंगराव काशीद, वरच्या तालमीचा पठ्ठ्या, पंजाबच्या सरहद्दीवर कामी आला. गाव रडलं. तालीमही रडली, पण रडता रडता तिनं पाथरवटाला बोलावणं धाडलं. खालच्या तालमीचा दगड बसायला सहा महिने लागले होते. आमचा तेराव्याला बसला. काळा पाषाण, मारुतीच्या कोनाड्याखाली भिंतीत चुन्यानं पक्का केलेला: 'हुतात्मा रंगराव काशीद, अमर रहे.'

सतराव्या दिवशी रंगराव काशीदचं पत्र आलं. लष्करी इस्पितळातून. ताप उतरला आहे, काळजी नसावी, म्हैस व्याली का ते कळवावं.

आता दगडाचं करायचं काय? काढावा तर खालची तालीम म्हणणार, उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. रंगराव येईपर्यंत राहू दे, असं ठरलं. मार्चमध्ये रंगराव रजेवर आले. ट्रंक खांद्यावर तशीच घेऊन आधी तालमीत शिरले. दगड वाचला. तीन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाचला, असं जुनी माणसं सांगतात. मग म्हणाले, "अक्षर झकास काढलंय. ऱ्हाऊ द्या."

आणि तो राहिला. दर सोळा डिसेंबरला, विजय दिनाला, तालीम दगडाला हार घालायची आणि नारळ फोडायला हुतात्मा स्वतः हजर असायचा. "माझ्यासारखा नशीबवान कोन?" रंगातात्या म्हणायचे. "मानूस मेल्यावर लोक त्याला काय म्हनत्यात, ते मी दरसाल फुकटात ऐकतो." मी हे बघतच वाढलो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठल्याही तालमीत एखादा हुतात्मा आपल्याच दगडापुढं नारळ फोडत असेल, अशी माझी समजूत होती.

वावगं वाटायचं ते एकट्या सोनाक्काला. तालमीच्या बोळातून ती तेहतीस वर्षांत गेली नव्हती. तात्यांना कावीळ झाली, दगडामुळे. तात्या सायकलवरून पडले, दगडामुळे. सायकल तात्या बेफाम चालवायचे हा भाग वेगळा.

"जित्या मानसाला हार घालत्यात व्हय रं?" ती गिरणीत मला विचारत होती. "आन् आता तुमी कोन सायेब आननार. त्यो बी सलाम ठोकनार. एवढ्या मोठ्या मानसानं मेला म्हटल्यावर ह्यो टिकंल का?"

हे बोलताना तिनं मंगळसूत्र मुठीत धरलं. इतका वेळ मला हसू येत होतं, ते गेलं. तिला खरंच भीती वाटत होती.

ती साल दोन हजार चारची गोष्ट. तालमीला साठ वर्षं होत होती आणि मी नवा नवा सेक्रेटरी होतो. गावात माजी सैनिक नऊ. सोळा डिसेंबरला, गुरुवारी, नऊही जणांचा फेटा बांधून, शाल देऊन सत्कार करायचा असं तालमीनं ठरवलं होतं. पाहुणे म्हणून निवृत्त ब्रिगेडियर शितोळे यायला तयार झाले होते. खालच्या तालमीकडं आजवर सुभेदाराच्या वर कोणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे आम्ही आठ दिवस छाती काढून चालत होतो.

सोनाक्काचं म्हणणं मी वस्तादांच्या कानावर घातलं. हिंदुराव वस्ताद म्हणजे तालमीचे सर्वेसर्वा. वय सत्तर, कान कुस्तीत चुरगळलेले, आणि एकाहत्तर साली पाथरवटाच्या मागं लागणाऱ्यांत पहिले.

"काढ दगड," ते म्हणाले. "ब्रिगेडियरनं बघितला तर तालमीची अब्रू जाईल."

"तात्यांना विचारायला पायजे."

"मग इचार की. सेक्रेटरी कशाला केलाय तुला?"

तात्या मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. त्यांची वांगीसुद्धा कवायतीला उभी केल्यासारखी एका रेषेत असायची.

"तात्या, वस्ताद दगड काढायचा म्हणतायत."

"कुनाचा?"

"तुमचा."

"का? मी अजून मेलो न्हाय म्हनून? त्यात माझी काय चूक?"

"आक्कांचा जीव खालवर होतोय."

"तिचा जीव तेहतीस वर्सं खालवर होतोय. आता सवय झाली आसंल." ते हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "हे बघ उत्तम, त्या दगडाला पहार लागली तर गुरुवारी मी येनार न्हाय. आन् मी न्हाय तर बाकीचे आठबी येनार न्हाईत."

"त्यांना विचारलंत?"

"पलटनीत इचारत न्हाईत. सांगत्यात."

वाफा भरून पाणी बांधावरून चाललं होतं आणि तात्यांचं लक्ष नव्हतं. मीच खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं. तात्यांच्या हातून पाणी वाया जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं, पण त्या दिवशी मला माझीच चिंता होती. इकडं आड, तिकडं विहीर. दगड काढला तर सत्काराला सैनिक नाहीत. ठेवला तर सोनाक्का माहेरी आणि ब्रिगेडियरसमोर तालमीची शोभा.

"झाकून टाक," मी परत वस्तादांकडं गेलो तेव्हा ते म्हणाले.

एवढी सोपी गोष्ट मला सुचली नाही याची मला लाज वाटली. मी शिंप्याकडून भगवं साटीन आणलं, चुण्या घालून दगडावर झकास पडदा लावला आणि रिकामं दिसू नये म्हणून वर एक लाल रिबीन बांधली, फुलाच्या गाठीची. आणि सोनाक्काला सांगितलं, "आक्का, बिनघोर या. गुरुवारी दगड कुणाच्याबी नजरंला पडणार न्हाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती खूश होऊन पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गेली.

गुरुवारी सकाळी दहाला तालीम फुलून गेली होती. आत नऊ खुर्च्यांवर नऊ सैनिक, समोर गाव. बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही ही आमची रीत, म्हणून त्या बाहेर मांडवात सतरंजीवर बसल्या होत्या. दार सताड उघडं असल्यानं त्यांना सगळं दिसत होतं. सोनाक्का तेहतीस वर्षांनी त्या बोळात आली होती, हिरवं लुगडं नेसून, अगदी पुढं.

ब्रिगेडियर शितोळे ताठ, उंच, पंच्याहत्तरीचे. त्यांनी नऊही जणांना स्वतः शाली पांघरल्या. तिसऱ्या खुर्चीवर रंगातात्या होते. फेटा बांधून असे बसले होते की नवरदेवानं लाजावं. सगळं बिनबोभाट पार पडलं. मी माइकवर आभाराला उभा राहिलो आणि तेवढ्यात ब्रिगेडियर मागं वळले.

"अरे, आणि हे अनावरण राहिलंच की!"

माणसानं आयुष्यात शंभर अनावरणं केली असली की त्याला भिंतीवरचा पडदा आणि लाल रिबीन दिसल्यावर काय वाटणार? मी "न्हाय न्हाय साहेब" म्हणेपर्यंत त्यांनी रिबीन ओढलीसुद्धा. साटीन सळकन खाली आलं. पडदा पडला की टाळ्या वाजवायच्या एवढं आमच्या पोरांना ठाऊक होतं, त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मला माझ्याच फुलाच्या गाठीनं गळफास घ्यावासा वाटला.

ब्रिगेडियरांनी दगड वाचला. टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. मग माइक माझ्या हातातून घेतला.

"या हुतात्म्याच्या वीरपत्नी हयात आहेत का?"

कुणी बोलेना. पण शंभर माना एकदम दाराकडं वळल्या, त्यामुळे कुणी बोलायची गरजच उरली नाही. ब्रिगेडियर उंबऱ्यापर्यंत गेले. सोनाक्का उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी आजही गिरणीत आक्काच्या वयाची बाई आली की आधी नजर खाली घालतो. ब्रिगेडियरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि तिचं ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "जुन्या रूढी मोडायला हिंमत लागते."

"रूढी कशापायी मोडू?" सोनाक्का कडाडली. "नवरा बसलाय की माझा. तिसऱ्या खुर्चीवर. तुमीच आता शाल पांघरलीसा त्याला!"

तिसऱ्या खुर्चीवरून तात्या उठले आणि खाडकन सावधान झाले.

"जयहिंद साब! हवालदार रंगराव काशीद, हाजीर!"

"तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"जी साब. पयल्यापास्नं."

आख्खी तालीम खदखदून हसली. ब्रिगेडियर सोडून. ते वस्तादांकडं वळले, "हा काय प्रकार आहे?" वस्तादांनी साठ वर्षांत कुणाला पाठ दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली. "सेक्रेटरी सांगतील," म्हणाले आणि मारुतीकडं तोंड करून हात जोडले.

मी सांगितलं. तार, तेरावा, पत्र, म्हैस, सगळं. ब्रिगेडियरांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

"मी माझ्या हातानं चौदा पोरं अग्नीला दिली आहेत," ते हळू बोलले आणि हसू जागच्या जागी थांबलं. "त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गावात नावाची पाटी नाही. आणि तुम्ही जिवंत माणसापुढं नारळ फोडून गंमत करता? हा दगड आत्ताच्या आत्ता निघाला पाहिजे."

"मी तेच म्हनते की! तेहतीस वर्सं!" दारातून सोनाक्का.

वस्तादांनी मान हलवली. दोन पोरं पहार आणायला पळाली. आणि तात्या तिसऱ्या खुर्चीपासून चालत आले आणि दगडाला पाठ लावून उभे राहिले.

"साब, माफी असावी. दगड निघनार न्हाय."

"हवालदार, बाजूला व्हा."

"न्हाय साब." मी तात्यांना इतक्या वर्षांत थट्टेशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. तो आवाज मला अनोळखी वाटला. "नाव माझं हाय. दगड माझा न्हाय."

"मग कुणाचा?"

"धाकू राऊळचा. माझ्याच सेक्शनचा शिपाई. वीस वर्साचा पोरगा, कोकनातला. त्या दिवशी पुढच्या चौकीवर माझी ड्युटी हुती. मला तापानं घेरलेलं. उभं ऱ्हाता येईना. धाकू म्हनला, काशीददादा, तुमी पडा, मी जातो. थंडी मरनाची, त्याचा कोट वला झालेला. मी माझा काढून दिला. खिशात माझं पेबुक हुतं, नाव-नंबराचं पगारपुस्तक, ते काढायचं ध्यानात आलं न्हाय. चौकीवर तोफगोळा पडला. मला तवर बेशुद्धीत मागं इस्पितळात हलवलेलं. हाती लागला तो कोट आन् ते पेबुक. माझ्या नावाची तार गेली."

पहार घेऊन आलेली पोरं दारातच थबकली होती.

"पुढं चूक कळली. मग धाकूच्या गावाला तार केली, ती माघारी आली. असं गावच न्हाय म्हनून. पोरगा लहानपनी घरातनं पळालेला, भरतीला गाव खोटंच सांगितलेलं. मी दोन रजा कोकनात हिंडलो साब. समिंदराच्या कडंकडंनं. कुनाचं पोर, पत्ता लागला न्हाय."

"दोन रजा?" दारातून सोनाक्काचा आवाज आला. "मासं खायला म्हनून गेला हुता त्या?"

"व्हय."

"मासंच म्हनाला हुता मला."

"मग काय सांगू?" तात्या आता ब्रिगेडियरांकडं बघत नव्हते. "तुझ्या बांगड्या फुटल्या, कुकू पुसलं. घरी आलो तर तू हसतीस आन् रडतीस. त्याच वक्ताला तुला सांगू, की मी वाचलो ते दुसऱ्याचा पोरगा माझ्या जागी, माझा कोट घालून गेला म्हनून? माझं तोंड झालं न्हाय. दगडापुढं आलो, वाचला. म्हटलं, नाव चुकलंय, पर त्याच्या मरनाचा दगड एकाच गावात बसलाय. ऱ्हाऊ दे. कुनी इचारू नये म्हनून हसत ऱ्हायलो."

वीस-बावीस वर्षं मी त्या विनोदाला दाद देत आलो होतो. वस्ताद चुरगळलेला कान धरून खाली बघत होते. ब्रिगेडियर तात्यांपुढं उभे होते आणि त्यांचा हात सॅल्यूटला अर्धा उठून तिथंच राहिला होता.

मग सोनाक्का उंबरा ओलांडून आत आली.

साठ वर्षांत त्या मातीत बाईचं पाऊल पडलं नव्हतं. वस्तादांनी तोंड उघडलं आणि शहाणपणानं मिटलं. ती तरातरा चालत दगडापाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तळहात दगडावर ठेवला आणि अक्षरांवरून फिरवला.

"आई न्हवती त्याला?"

"न्हवती. सावत्र हुती म्हनायचा."

"म्हंजे रडाय कोनच न्हाय."

"न्हाय."

तिनं नाक पदरानं पुसलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "सतरा दिवस मी रडले. अन्नाला शिवले न्हाय. पत्र आलं तवा वाटलं, फुकट रडले. सगळ्या गावानं माझी चेष्टा केली, जित्याला रडली म्हनून. तेहतीस वर्सं मला त्याचीच लाज." तिनं पुन्हा दगडावर हात ठेवला. "आरं, फुकट कुठं? मी त्या पोरालाच रडत हुते की."

तात्यांच्या फेट्याचा शेमला हलायला लागला. ते सावधानमध्येच होते, फक्त खांदे हलत होते. सोनाक्कानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

ब्रिगेडियर माझ्याकडं वळून म्हणाले, "सेक्रेटरी, पाथरवट मिळेल?"

"मिळंल की," माझ्याआधी सोनाक्काच बोलली. "ह्यांचं नाव खरवडून काढा तिथनं. ह्ये मरत्याल तवा ह्यांचं बघू. त्या लेकराचं घाला."

मी खिशातली आभाराची चिठ्ठी उलटी करून लिहायला घेतलं. 'हुतात्मा धाकू राऊळ.' पुढं गाव लिहायचं म्हणून मी वर बघितलं.

"तात्या, गाव कुठलं लिहू?"

तात्यांनी मान हलवली. "त्यानं सांगितलेलं खोटं. खरं कुनाला म्हाईत न्हाय."

मी ब्रिगेडियरांकडं बघितलं, ते वस्तादांकडं, वस्ताद जमिनीकडं. सोनाक्कानं आमच्या चौघांवरून नजर फिरवली, जसं काही एवढी साधी गोष्ट एकालाही कळू नये.

"पिंपळसार लिही," ती म्हणाली. "परक्या गावच्या पोराला कुनी सतरा दिवस रडतं व्हय?"